खिशातलं रेकॉर्डिंग, मिनीडिस्कपासून फ्लॅकपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहते. लोकांच्या घरातली जुनी ध्वनिमुद्रणं संगणकावर उतरवून देते: भजनं, नाट्यगीतं, घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्या, धालो, फुगड्या, एखाद्या आजीच्या ओव्या. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की फोन वाढतात. नवीन रेकॉर्डिंग कशावर करायचं आणि जुन्याचं काय करायचं, हेच दोन विषय पुन्हा पुन्हा येतात. आलेले प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्या शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे नेमकं काय? कॅसेटवरही आवाजच असतो ना?

कॅसेटच्या फितीवर आवाजाच्या लाटेची चुंबकी आकृती उमटते. फीत ताणली, झिजली की आकृतीही तेवढी बिघडते, आणि एका कॅसेटवरून दुसरी केली की दर वेळी खरखर वाढते. डिजिटलमध्ये तीच लाट सेकंदाला हजारो वेळा मोजून आकडे लिहून ठेवतात. सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होतं, प्रत्येक आकडा १६ बिटांचा, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळा. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट होतात. हा आकडा लक्षात ठेवा, खाली सगळी तुलना त्याच्याशीच आहे.

आकड्यांची प्रत काढली तर आकडे तेच राहतात, म्हणून शंभरावी प्रतही पहिल्यासारखीच वाजते. मात्र कॅसेट खराब झाली तरी खरखरत का होईना वाजते. डिजिटल रेकॉर्डिंग बऱ्याच मर्यादेपर्यंत ठणठणीत वाजतं आणि मर्यादा ओलांडली की एकदम मुकं होतं. त्यामुळे ‘अजून वाजतंय ना, मग बघू नंतर’ हा कॅसेटचा हिशेब इथे लावू नका.

२. डीएटी, डीसीसी, मिनीडिस्क, सीडी, एमपी३ या नावांनी डोकं चक्रावतं. यातलं काय कशात मोडतं?

दोन गोष्टी वेगळ्या करा. एक म्हणजे डबा: फीत, डिस्क, मेमरी कार्ड. दुसरी म्हणजे डब्यात आवाज कोणत्या पद्धतीने भरला आहे ते. जुन्या काळी डबा आणि पद्धत जोडीनेच येत, म्हणून गोंधळ होतो.

सीडी १९८२ साली बाजारात आली, पण घरी तिच्यावर रेकॉर्ड करता येत नव्हतं. १९८७ मध्ये सोनीने डीएटी, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, आणली. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट, आत ४ मिलिमीटरच्या आसपास रुंदीची फीत, आणि आवाज कुठेही न दाबता, पूर्ण आकड्यांत. स्टुडिओवाल्यांनी ती उचलली, घरांत ती फारशी पोचली नाही. १९९२ मध्ये एकाच वर्षी दोन प्रतिस्पर्धी आले: फिलिप्स आणि मात्सुशिताची डीसीसी, म्हणजे डिजिटल कॅसेट, आणि सोनीची मिनीडिस्क. दोघांनीही जागा वाचवण्यासाठी आवाज दाबला, म्हणजे कानाला सहसा न जाणवणारे भाग वगळले. डीसीसी चार वर्षांत गुंडाळली गेली. मिनीडिस्क जपानात रुळली आणि आखातातून, युरोपातून परतणाऱ्यांच्या सामानातून काही गोंयकारांच्या घरीही आली.

एमपी३ हा डबा नाहीच, ती फक्त पद्धत आहे. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचा तिच्यात मोठा वाटा होता, आणि १९९५ मध्ये फाईलीच्या शेवटी लागणारं ते तीन अक्षरी नाव ठरलं. ही फाईल कुठल्याही डब्यात मावते, म्हणूनच तिने बाकीच्यांना मागे टाकलं.

३. वेव्ह, फ्लॅक, एमपी३, एएसी यांत फरक काय? मी कोणती वापरू?

वेव्हमध्ये आवाज जसाच्या तसा असतो. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल मिनिटाला सुमारे १०.६ एमबी घेते. फ्लॅक २००१ पासून आहे. ती वेव्हची घडी घालते: जागा साधारण निम्मी ते दोन तृतीयांश लागते आणि घडी उलगडली की एकही आकडा बदललेला नसतो. ती फुकट आणि खुली आहे. ॲपलचं एएलएसी हेच काम करतं.

एमपी३ आणि एएसी काही भाग कायमचे टाकून देतात. १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटांची, एमपी३ मिनिटाला एक एमबीच्याही थोडं आत बसते, ३२० ची सुमारे २.४ एमबी. एएसी एमपी३ नंतर आलेली, त्यामुळे तेवढ्याच जागेत ती सहसा जास्त स्वच्छ वाजते.

माझा नेम ठरलेला आहे. रेकॉर्ड करायचं वेव्हमध्ये, जपायचं फ्लॅकमध्ये, वाटायचं एमपी३ मध्ये. मेमरी कार्ड इतकी स्वस्त झाली असताना मूळ रेकॉर्डिंगच एमपी३ मध्ये करण्याचं काही कारण मला दिसत नाही.

४. चवथीला घरच्या घुमट आरत्या रेकॉर्ड करायच्या आहेत. कोणत्या सेटिंगवर करू?

वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४८,००० मोजमापं), २४ बिट. एवढं ठेवा आणि बाकी लक्ष लेव्हलकडे द्या.

१६ बिटांत सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. ऐकायला ते भरपूर आहे. रेकॉर्ड करताना मात्र आपण वर मोकळी जागा सोडतो, आणि २४ बिट असले की ती सोडूनही खालचे बारकावे शाबूत राहतात. आरती सुरू होते तेव्हा घुमट शांत असतं. शेवटाकडे लय चढते, शामेळ तापतं, झांजा कडकडतात, मुलं टाळ्या पिटतात, आणि सुरुवातीला नीट वाटलेली लेव्हल लाल दिव्यात जाते. डिजिटलमध्ये लाल दिव्याच्या पुढे काही नसतं. लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो परत मिळत नाही. म्हणून आधी घुमटवाल्याला त्याची सर्वात जोराची चाल वाजवायला सांगा आणि सर्वात मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल अशी लेव्हल ठेवा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो.

रेकॉर्डर माटोळीखाली, म्हणजे देवावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीखाली, देवापुढे ठेवू नका. तिथे घंटा आणि झांज बाकी सगळं खाऊन टाकते. म्हणणाऱ्यांच्या समोर, डोक्याच्या थोडं वर, घुमटांपासून चार पावलं दूर चांगलं येतं.

५. चोवीस तासांचं अखंड भजन एका कार्डात मावेल का?

मावतं. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखं चोवीस तासांचं भजन धरू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला तासाला एक जीबीपेक्षा किंचित जास्त लागतं, म्हणजे एकूण सुमारे २५ जीबी. ३२ जीबीच्या कार्डात ते बसतं. सीडीच्या दर्जावर घेतलं तर साधारण १५ जीबी. तुलनेसाठी, मिनीडिस्कवर नेहमीच्या मोडमध्ये ७४ किंवा ८० मिनिटं मावत. तेव्हा याच भजनाला १८ ते २० डिस्का आणि त्या बदलायला रात्रभर जागणारा माणूस लागला असता.

अडचण दुसरीकडे आहे. साध्या वेव्ह फाईलीची कमाल मर्यादा ४ जीबी आहे, आणि बरेच रेकॉर्डर २ जीबीलाच फाईल तोडून नवीन सुरू करतात. चांगला रेकॉर्डर मधला एकही क्षण गाळत नाही, काही गाळतात. आपला कसा वागतो ते घरी पंख्याखाली चार-पाच तास चालवून आधीच बघा. वीज जाईल हे धरूनच चला. प्लगवर भरवसा ठेवू नका, पॉवर बँक जोडा, आणि दर तीन-चार तासांनी, भजनी बदलताना, रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करा. फाईल नीट बंद झालेली असणं किती महत्त्वाचं, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

६. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर नाही का चालणार?

बोलणं, ओव्या, एकट्याचं गाणं यांना चालतं, आणि कधी कधी फारच छान येतं. घुमट किंवा पखवाज असला की फोनचं एक वागणं आडवं येतं. फोन लेव्हल स्वतःच वरखाली करत राहतो. घुमटावर ठोका पडला की तो दचकून सगळा आवाज खाली खेचतो, गायकाचा शब्द त्यात बुडतो, आणि पुढच्या क्षणी हळूहळू वर येतो. कान देऊन ऐकलंत तर प्रत्येक ठोक्यानंतर मागचा पंखा, पाऊस, कुजबुज मोठी होत जाताना ऐकू येते. हे नंतर काढता येत नाही.

लेव्हल हाताने ठेवू देणारं आणि वेव्हमध्ये साठवणारं ॲप घ्या. आयफोनच्या स्वतःच्या व्हॉइस मेमोमध्ये सेटिंगला जाऊन ‘लॉसलेस’ निवडता येतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, लाकडी चौरंगावर नको, नाहीतर पायांची थाप आवाजात येते.

७. ‘३२ बिट फ्लोट’ असलेल्या रेकॉर्डरला लेव्हल लावावीच लागत नाही म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी. अशा फाईलीत आकड्यांना वरची मर्यादा जवळजवळ नसते, त्यामुळे लाल गेलेला भागही नंतर खाली आणून वाचवता येतो. देवळात स्वतः भजनाला बसणाऱ्या माणसाला हे वरदानच आहे. जागा तासाला सुमारे १.४ जीबी लागते.

अपवाद असा की माईकच फाटला तर कोणतीही फाईल त्याला वाचवू शकत नाही. ढोल-ताशांच्या मधोमध, शिगम्याच्या मिरवणुकीत, छोट्या माईकची स्वतःची सहनशक्ती संपते आणि फाटलेला आवाजच इमानाने नोंदवला जातो. तिथे चार पावलं मागे सरणं हाच उपाय.

८. बाबांच्या कपाटात मिनीडिस्क सापडल्या. त्यावरचं कॉम्प्युटरवर कसं घेऊ?

हा प्रश्न मला सर्वात जवळचा, म्हणून उत्तर लांबणार.

मिनीडिस्क म्हणजे चौकोनी प्लास्टिकच्या कवचातली ६४ मिलिमीटरची डिस्क. रेकॉर्ड करताना एका बाजूने लेझर एक ठिपका क्षणभर तापवतो आणि दुसऱ्या बाजूने चुंबकी हेड त्या ठिपक्याची दिशा ठरवतं. थंड झाल्यावर साध्या चुंबकाने तो ठिपका हलत नाही, त्यामुळे ही डिस्क टिकाऊ आहे. आमच्या हवेत मी ज्या उघडल्या, त्यांतल्या बहुतेक ठीक वाजल्या. डिस्कपेक्षा यंत्रं आधी मरतात.

पहिली पायरी: डिस्कच्या कडेची सरकती खूण उघडून ठेवा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मग तीन वाटा आहेत. घरगुती मोठा डेक मिळाला आणि त्याला ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या केबलने आकडेच बाहेर देणारं भोक) असेल तर तिथून डिजिटलच घ्या. फक्त खिशातला प्लेअर असेल तर त्याच्या लाइन-आउट किंवा हेडफोनच्या भोकातून ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात घेणाऱ्या छोट्या यंत्रात, घ्या. पिढी एक घटते, पण काळजीने केलं तर फरक फार नसतो. तिसरी वाट म्हणजे सोनीचं २००६ चं एमझेड-आरएच१ हे यंत्र. माईकने केलेली जुनी रेकॉर्डिंगं ते यूएसबीने सरळ संगणकावर देतं. त्याआधीच्या नेट-एमडी यंत्रांत संगणकावरून डिस्कवर गाणी जात, पण आपण रेकॉर्ड केलेलं उलट दिशेला येत नसे. ‘यूएसबी आहे तरी फाईल दिसत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं कोडं हेच असतं.

आता यातला सर्वात मोठा धोका. मिनीडिस्कवर कोणतं गाणं कुठून कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, आणि ती स्टॉप दाबल्यावर, शेवटी लिहिली जाते. २००३ मध्ये आमच्या देवळातल्या सप्ताहात बाबा पहाटेच्या पाराला, म्हणजे भजनाच्या पाळीला, ‘रूपाचा अभंग’ म्हणायला बसले होते. मी खांबाला टेकून रेकॉर्डर मांडीवर घेऊन होते. बॅटरीची खूण लुकलुकायला लागली. नवा सेल माझ्या पदराच्या गाठीत तयार होता. अभंग संपला, मी घाईने झाकण उघडलं आणि सेल बदलला. पडद्यावर अनुक्रमणिका लिहिली जात असल्याची अक्षरं तेव्हा सरकत होती. पुन्हा चालू केलं तेव्हा डिस्क कोरी दिसली. आवाजाचे ठिपके डिस्कवर होते, पण कुठे काय आहे ते सांगणारं पान नव्हतं. बाबांनी नंतर तो अभंग कितीतरी वेळा म्हटला. त्या पहाटेचा मात्र माझ्याकडे नाही.

तुमच्याकडची एखादी डिस्क ‘कोरी’ दिसली तर तिच्यावर काहीही रेकॉर्ड करू नका. बाजूला काढून ठेवा. काही डेकांवर दुसऱ्या डिस्कची अनुक्रमणिका उसनी लावून आतला आवाज परत मिळवण्याची युक्ती जाणकार करतात. मी बाबांची ती डिस्क पुढच्या आठवड्यात वापरून टाकली होती, हे मला फार उशिरा कळलं.

९. मिनीडिस्कचा आवाज एमपी३ पेक्षा चांगला असायचा ना?

नेहमीच्या मोडमध्ये मिनीडिस्क २९२ केबीपीएस वापरते, म्हणजे सीडीच्या सुमारे एक पंचमांश. १२८ च्या एमपी३ पुढे ती नक्कीच सरस, ३२० च्या चांगल्या एमपी३ पुढे बरोबरीत धरा. अगदी पहिल्या यंत्रांत दाबण्याची पद्धत कच्ची होती, नंतरच्या यंत्रांत बरीच सुधारली.

पण २००० मध्ये एलपी२ आणि एलपी४ असे लांब मोड आले: १३२ आणि ६६ केबीपीएस. एका डिस्कवर पाच तास मावतात म्हणून लोकांनी एलपी४ वर नाटकंच्या नाटकं भरली. बोलणं ठीक येतं. टाळ-झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी येते आणि तानपुऱ्याची जवारी सपाट होते. आवाज ऐकूनच मी मोड ओळखते, टाळांचा सळसळाट भुरभुरीत झाला की एलपी४. २००४ च्या हाय-एमडी या मिनीडिस्कच्या पुढच्या पिढीमध्ये न दाबता रेकॉर्ड करायची सोय आली, १ जीबीच्या डिस्कवर सुमारे दीड तास. तोवर बाजार हार्डडिस्क आणि फ्लॅशकडे वळला होता.

१०. डीएटीवरून घेतलेली मैफल संथ आणि खालच्या पट्टीत वाजते. फीत बिघडली का?

फीत बहुधा ठणठणीत आहे, आकड्यांचा वेग चुकला आहे. डीएटीवर ४८ किलोहर्ट्झने रेकॉर्ड झालेलं ४४.१ म्हणून उघडलं तर सूर पेटीवरच्या जवळपास दीड पट्टीने उतरतो. काळी चारमधली गायिका पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधे कुठेतरी ऐकू येते, आणि तासाभराची मैफल ६५ मिनिटांची होते. फाईल योग्य वेगाने उघडा, काही बदलून साठवू नका.

आणखी दोन गोष्टी. डीएटीत ३२ किलोहर्ट्झचा लांब मोडही असतो, तो आला तर गोंधळू नका. आणि ज्या यंत्रावर रेकॉर्ड झालं त्याची हेडं जरा तिरकी असतील तर फीत दुसऱ्या यंत्रावर तुटक वाजते. मूळ यंत्र शिल्लक असेल तर आधी तेच शोधा. डीएटी यंत्रांचं उत्पादन सोनीने २००५ मध्ये थांबवलं, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका.

११. डीसीसी प्लेअरमध्ये साधी कॅसेट वाजते म्हणतात. मग तोच घेऊन सगळ्या कॅसेट उतरवू का?

वाजते, ती त्याची खासियतच होती. पण त्यासाठी तो शोधत बसू नका. चांगला कॅसेट डेक जास्त उपयोगी, आणि दुरुस्त करणारा माणूसही सापडतो. डीसीसीच्या कॅसेट तुमच्याकडे असतील तरच त्या यंत्राच्या मागे लागा.

१२. लग्नातल्या गाण्यांची सीडी वाचलीच जात नाही. दहा वर्षांत सीडी खराब होते?

घरी लिहिलेली होते. विकत मिळणारी सीडी ठशासारखी दाबून काढलेली असते. घरी लिहिलेल्या सीडी-आरमध्ये रंगाचा थर असतो आणि लेझर त्यात खुणा जाळतो. ऊन, उष्णता आणि दमट हवेने तो थर फिका पडतो, आणि वर मार्करने लिहिलेलं किंवा चिकटवलेलं लेबलही कधी त्रास देतं. दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये, कमी वेगाने वाचून बघा. जुन्या संगणकातला ड्राइव्ह पुष्कळदा नव्यापेक्षा चिवट निघतो. वाचली गेली की त्याच दिवशी फाईली उतरवा.

१३. एमपी३ ची फ्लॅक करून घेतली तर आवाज सुधारेल का?

नाही, फक्त फाईल फुगेल. टाकून दिलेलं परत येत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: एमपी३ उघडून, थोडी छाटून पुन्हा एमपी३ म्हणून साठवली की आवाज आणखी एकदा गाळला जातो. फक्त सुरुवात आणि शेवट कापायचा असेल तर पुन्हा न दाबता कापणारे प्रोग्रॅम मिळतात, ते वापरा.

एक अपवाद मात्र आहे. मूळ रेकॉर्डिंगच एमपी३ असेल आणि त्यावर आवाज साफ करण्याचं काम करायचं असेल, तर ते काम वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये साठवा, म्हणजे नवीन गाळण होणार नाही. मूळ एमपी३ तशीच राहू द्या.

१४. मंडळाच्या ग्रुपवर आलेलं रेकॉर्डिंग जपून ठेवलंय. तेच मूळ म्हणून चालेल?

दुसरं काही उरलंच नसेल तर चालेल. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ओपस नावाच्या पद्धतीने बराच दाबलेला असतो. बोलण्यासाठी ती पद्धत उत्तम आहे, भजनासाठी तेवढ्या कमी जागेत नाही. रेकॉर्डिंग केलेल्या माणसाला त्याच्या फोनमधली मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती न बदलता येते. हा एक फोन आजच करा. लोक फोन बदलतात आणि मूळ फाईल जुन्या फोनबरोबर जाते.

१५. पेन ड्राइव्ह गाडीत घातला तर अर्धीच गाणी वाजतात. असं का?

बहुतेक गाड्यांच्या प्लेअरना एमपी३ हमखास कळते, फ्लॅक काहींनाच, २४ बिट वेव्ह आणखी थोड्यांना. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि गाडीसाठी वेगळी ३२० ची एमपी३ प्रत काढा. ब्लूटूथवरून ऐकत असाल तर आवाज वाटेत पुन्हा दाबला जातोच, त्यामुळे तिथे फ्लॅकचा आग्रह धरून फारसा लाभ नाही. बाणस्तारीच्या वळणावर टायरच्या आवाजात तो फरक मला तरी कधी ऐकू आला नाही.

१६. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं तर जास्त चांगलं ना?

माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ४८ किलोहर्ट्झमध्ये ते पूर्ण मावतं. नव्या रेकॉर्डिंगसाठी ४८ पुरे. १९२ ने फक्त कार्ड भरतं. जुनी कॅसेट किंवा तबकडी कायमची जपण्यासाठी उतरवताना मात्र ९६ आणि २४ बिट घ्या. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनातही किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगून ९६ ला पसंती दिली आहे. ओरखड्यांचे बारीक कट्‌कट् आवाज नंतर साफ करताना त्या जादा तपशिलाचा उपयोग होतो.

१७. पावसाळ्यात हे सगळं जपायचं कसं?

जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग फितीचं काय होणार. फितीच्या गुंडाळीवर कडेने पांढरे ठिपके दिसले तर ती कोणत्याही यंत्रात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या दहा कॅसेटना. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. पुड्यांचा रंग बदलला की बदला.

फाईलींच्या तीन प्रती हव्यात: एक घरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, एक क्लाउडवर. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड ही साठवण्याची जागा मानू नका. वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिलं तर त्यांतला मजकूर पुसट होत जाऊ शकतो.

१८. बुवांचं भजन रेकॉर्ड केलं, यूट्यूबवर टाकलं तर हरकत नाही ना? देवाचंच आहे.

अभंग संतांचा असला तरी गायन बुवांचं आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. घरी ऐकण्यासाठी ठेवणं आणि जगापुढे टाकणं वेगळं. बुवांना, पेटीवाल्याला, पखवाजवाल्याला विचारा, आणि त्यांचं ‘हो’ रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांच्याच आवाजात घेऊन ठेवा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. न विचारल्याचं दुःख मात्र लोक विसरत नाहीत.

१९. पन्नास वर्षांनी यातलं काय वाजेल?

वेव्ह आणि फ्लॅक, कारण त्यांची रचना जगजाहीर आहे आणि कुणीही वाचक प्रोग्रॅम लिहू शकतो. एमपी३ ही. ज्या पद्धती एकाच कंपनीच्या यंत्राला बांधलेल्या आहेत, त्यांचा भरवसा नाही. रेकॉर्ड करता येणाऱ्या कोऱ्या मिनीडिस्कांचं उत्पादनही सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं.

आपल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती डिजिटल नाही, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, मिनिटाला १६ २/३ फेऱ्यांच्या वेगाने कोरलेली आहे. तिच्यासोबत सुई आणि कार्ट्रिज पाठवलं आहे, आणि कशी वाजवायची ते वेष्टणावर चित्रांनी दाखवलं आहे. मला त्या वेष्टणाचं फार अप्रूप वाटतं.

म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये मी एक साधी मजकुराची फाईल ठेवते. फाईलीचं नाव ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ असं असलेले तीनशे आवाज माझ्याकडे येऊन पडले आहेत आणि त्यांतल्या कितीतरी गायकांना आता ओळखणारं कुणी उरलेलं नाही. ती मजकुराची फाईल अशी दिसते:

‘सप्ताह, दुसरा दिवस, पहाट. बाबा, पट्टी काळी एक. पेटीवर धाकटा काका. ४२ व्या मिनिटाला वीज गेली, पंखे थांबले, तिथून पुढे आवाज जास्त स्वच्छ आहे. मूळ: मिनीडिस्क, नेहमीचा मोड. डेकच्या ऑप्टिकल आउटमधून उतरवलं, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. काही साफ केलेलं नाही. शेवटी खोकतात ते आजोबा.’